कारण मी सांगू शकत नाही

मुद्रितं तपासण्यात माझी चौतीस वर्षं गेली. निवृत्त झाले तरी खोड जात नाही. शेजारच्या लग्नपत्रिकेतली ऱ्हस्व वेलांटी मला जेवताना टोचते, गणपती मंडळाच्या फलकावरचं 'हार्दीक' दहा दिवस छळतं. त्यामुळे ओळखीतल्या एका तरुणीने कोर्टातून काढलेली स्वतःच्या साक्षीची सही नक्कल माझ्यापुढे ठेवली आणि "काकू, एकदा बघता का" म्हणाली, तेव्हा हात आधी पेन्सिलीकडेच गेला.

अकरा पानं होती. त्यांत एक वाक्य चार वेळा आलं होतं. छापखान्यात असते तर म्हटलं असतं, जुळारी डुलकी काढत होता. वाक्य असं: 'मी पोलिसांना तसे सांगितले होते. माझ्या जबाबात ते का लिहिलेले नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही.'

तिची ओळख पटेल असं इथे काही येणार नाही. कायदा तसं सांगतो आणि मलाही तसंच वाटतं. एवढंच सांगते की बलात्काराची ही घटना मुंबईतली, एका भाड्याच्या खोलीतली. आरोपी अनोळखी नव्हता, केस जुन्या कायद्याखालची आणि फिर्यादीपासून साक्षीपर्यंत तीन वर्षं चार महिने गेले. या देशात असे गुन्हे बहुतेक वेळा ओळखीचीच माणसं करतात, त्यामुळे 'कोण होता' यावर वाद नसतोच. वाद असतो 'नेमकं काय झालं' यावर. त्याचं उत्तर एकाच माणसाच्या शब्दांत असतं, आणि त्या शब्दांचं पुढे काय होतं हे मला सांगायचं आहे.

त्या रात्री पोलीस ठाण्यात ती बोलली. समोर महिला अधिकारी होती आणि कायद्याप्रमाणे ती असायलाच हवी. अधिकारी वाईट नव्हती. पाणी दिलं, चहा मागवला, पंखा तिच्याकडे वळवला. पण कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करत होती आणि दर दोन वाक्यांनंतर म्हणत होती, "थांब, हळू सांग." ही म्हणाली, "तो आत आला, त्याने कडी लावली, मला वाटलं वाऱ्याने दार वाजतंय म्हणून लावली असेल." पडद्यावर उमटलं: 'सदर इसमाने माझे राहते घरी येऊन माझे इच्छेविरुद्ध जबरदस्ती करून माझे मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले.' पुढचं कलमाच्या भाषेत. कडी गेली, वारा गेला, तिला काय वाटलं तेही गेलं.

ठाण्याची मराठी ही स्वतंत्र बोली आहे. तिच्यात माणसं नसतात, इसम असतात. ती कुठे राहत नाहीत, 'राहण्यास असून' असतात. त्यात कपट आहे असं मी म्हणत नाही. गुन्ह्याचं कलम बसेल अशी वाक्यं तयार ठेवलेली असतात आणि सांगणाऱ्या बाईची गोष्ट त्या साच्यात ओतली जाते. लग्नाचं वचन मोडल्याच्या तक्रारी तर एकाच ठशाच्या, 'लग्नाचे आमिष दाखवून वेळोवेळी शारीरिक संबंध'. वाचणाऱ्याला वाटतं, बायका पाठ करून येतात. पाठ तर टाइप करणाऱ्याला झालेलं असतं!

मग रुग्णालय. तिथे डॉक्टरांनी पुन्हा सगळं विचारलं आणि इंग्रजीत लिहिलं. तिसऱ्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे. तिथे एक पुरवणी प्रश्न आला आणि कडीचा उल्लेख तिने केला, पण 'दार बंद केले' असा तो कागदावर उतरला. बंद करणं आणि कडी लावणं यांत काय फरक आहे ते खोलीत अडकलेल्या बाईला विचारा. चौथ्यांदा कोर्टात, तीन वर्षांनंतर. चार वेळा ती बोलली, चार जणांनी लिहिलं, चार भाषा झाल्या. त्या चार कागदांत जो फरक पडला, तो लिहिणाऱ्यांच्या नावावर जमा झाला नाही. तो तिच्या खात्यावर 'खोटेपणा' म्हणून पडला.

साक्षीच्या दिवशी सकाळी साडेदहाला व्हरांड्यात सरकारी वकील मॅडम धावत आल्या, त्या दिवशी त्यांच्या बोर्डावर इतर बऱ्याच केसेस होत्या, आणि तिच्या हातात तिचाच जबाब देऊन म्हणाल्या, "वाचून ठेव, हेच सांगायचंय." ती बाकावर बसून वाचत होती आणि त्याच व्हरांड्यात दहा पावलांवर जामिनावरचा तो उभा होता, आईसोबत. आईने डबा आणला होता. ही वाचता वाचता म्हणाली, "काकू, मी असं नव्हते बोलले." मी म्हटलं, "मॅडमना सांग." मॅडम तोवर दुसऱ्या कोर्टात गेल्या होत्या. त्या दिवशी साक्ष झालीच नाही. 'वेळेअभावी' असं रोजनाम्यात लिहिलं गेलं. पुढच्या तारखेला झाली तेव्हा सुनावणी कायद्याप्रमाणे बंद दाराआड होती आणि मी बाहेर बसले होते. आतलं मला जे कळलं ते तिच्याकडून आणि त्या अकरा पानांतून.

उलटतपासात वकिलांनी कडी पकडली. आज कडीचं सांगताय, फिर्यादीत कडी कुठे आहे? पोलिसांना सांगितलं होतं का? हो. मग लिहिलं का नाही? आता ही काय उत्तर देणार? टाइप करणारी ती नव्हती. पण कोर्टात प्रश्नाचं उत्तर साक्षीदारानेच द्यायचं असतं, म्हणून ते ठरलेलं वाक्य: कारण मी सांगू शकत नाही. जबाबातून सुटलेल्या अशा गोष्टीला वकील 'ओमिशन' म्हणतात आणि मुंबईच्या कोर्टांच्या व्हरांड्यात हा शब्द चहाइतका सहज ऐकू येतो. "तीन चांगले ओमिशन निघाले" असं एक ज्युनियर मोबाइलवर कुणाला तरी सांगत होता, स्टेशनवर लिंबं स्वस्त मिळाल्यासारखं.

त्याच्यावर माझा राग नाही. अशिलाचा बचाव करणं हे त्याचं काम आहे आणि उलटतपास हा आरोपीचा हक्क आहे. तो नसेल तर मी उद्या कुणाकडेही बोट दाखवीन आणि तो तुरुंगात जाईल. खोट्या तक्रारीही होतात. नाहीत असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण तोलायचं कशाच्या वजनाने? तिने एकदा एक आणि दुसऱ्यांदा दुसरं सांगितलं असेल, तर तिला जरूर पकडा. इथे मात्र पहिल्यांदा तिने काय सांगितलं याची नोंदच कुणाकडे नाही. नोंद आहे ती एका थकलेल्या अधिकाऱ्याने तिच्याबद्दल काय टाइप केलं याची.

यातली कायदेशीर गंमत एका वकील मित्राने समजावली. फिर्याद वेगळी, तिच्यावर सही असते. पण नंतर पोलीस जे जबाब आणि पुरवणी जबाब घेतात त्यांवर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. सरकार पक्षाला तो कागद तिच्या बाजूने पुरावा म्हणून वापरता येत नाही. तो मुख्यतः तिला विसंगतीत पकडायलाच उपयोगी पडतो. नियमामागचा हेतू चांगला होता. इंग्रजांच्या काळापासून पोलिसांच्या लिखाणावर कायद्याचा विश्वास नाही, म्हणून त्यापासून आरोपीचं रक्षण. म्हणजे ज्या लिखाणावर कायदा विश्वास ठेवत नाही, तेच लिखाण तिचा खरेपणा मोजायला मात्र चालतं! शिवाय दोषारोपपत्राचे सगळे कागद आरोपीला मिळतात, ते मिळायलाच हवेत. तिला मात्र जुन्या कायद्याखाली फिर्यादीची प्रत सोडली तर हक्काने काही मिळत नसे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पीडितेलाही ते कागद द्यायची तरतूद आली, पण तिने वकील दिला असेल तर. वकील परवडत नाही तिने काय करायचं, यावर संहिता गप्प आहे.

हे सगळं नवं नाही. १९७२च्या मार्चमध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. तिचं नाव सगळ्या देशाला पाठ आहे, म्हणून मी ते लिहीत नाही. सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना शिक्षा दिली आणि १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडलं. अंगावर जखमा नव्हत्या, हे कारण सगळ्यांच्या लक्षात राहिलं आणि ते राहावंच. पण त्यांतल्या हवालदाराच्या बाबतीत आणखी एक कारण होतं: फिर्यादीत एक आणि कोर्टात दुसरं. निरक्षर मुलगी, आरोपी पोलीस आणि फिर्याद लिहिणारेही पोलीस. ती काय सांगते आणि कागदावर काय उतरतं, यांतलं अंतर तिने कसं मोजायचं होतं?

१९७९मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पुढच्या वर्षी मुंबईत बायका एकत्र आल्या, बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, मोर्चे निघाले. त्यातून १९८३ची कायदादुरुस्ती झाली. कोठडीतल्या बलात्काराचं वेगळं कलम, बंद दाराआड सुनावणी, नाव छापायला बंदी. आज आपण जे गृहीत धरतो ते बरंचसं तिथून आलं. त्याच १९८३मध्ये गुजरातमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच लिहून ठेवलं की साक्षीदाराची स्मृती म्हणजे व्हिडिओ टेप नव्हे, ती पुन्हा लावून तशीच्या तशी दाखवता येत नाही. बारीकसारीक विसंगतींना अवाजवी महत्त्व देऊ नये. चाळीस वर्षांहून जुना निकाल. कडीचा प्रश्न विचारणाऱ्या वकिलालाही तो ठाऊक असणार, कारण परीक्षेत तो येतो.

कायदे नाहीत, ही ओरड म्हणूनच मला पटत नाही. कायदे आहेत. बलात्काराची फिर्याद नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसाला शिक्षेचं कलम २०१३मध्ये आलं. सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयाने पीडितेवर मोफत आणि ताबडतोब उपचार करायचे, हेही त्याच वेळी आलं. पीडितेला शरीरसंबंधांची सवय आहे का हे पाहणारी दोन बोटांची तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये चूक ठरवली आणि २०२२मध्ये ती करणाऱ्यावर गैरवर्तनाचा ठपका ठेवायला सांगितलं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात अत्याचारग्रस्त बायकांना आधार देणारं 'दिलासा' केंद्र उभं राहिलं. 'सेहत' संस्थेने पालिकेच्या रुग्णालयांत डॉक्टरांना तपासणीची रीत शिकवली. खटला चालू असताना बाईच्या सोबत कोर्टात जाणाऱ्या 'मजलिस'सारख्या संस्था याच शहरात आहेत. इतर शहरांच्या मानाने आपण बरे आहोत, हे मान्य करायला हरकत नाही.

आणि तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत देशभर बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे आहेत, आणि निकाल लागलेल्या खटल्यांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिक खटल्यांत शिक्षा. सुटलेले सगळे गुन्हेगारच होते असं या आकड्यावरून म्हणता येत नाही. पण इतक्या बायका कोर्टाच्या पायऱ्या खोटं सांगायला चढतात, हे तर त्याहून म्हणता येत नाही.

आपल्याकडे संताप आला की एकच मागणी होते: फाशी. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापुरात शाळेत दोन चिमुरड्यांवर लैंगिक अत्याचार झाले, तेव्हा तेच झालं. तक्रार घ्यायला पोलिसांनी तासन्‌तास लावले म्हणून लोक २० तारखेला रुळांवर उतरले, आणि उतरल्यावर हातात फलक फाशीचे होते. राग तक्रार न ऐकल्याचा होता, मागणी मात्र दोराची झाली. महिन्याभराने आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, पेढे वाटले गेले. त्याच्यावरचा खटला उभाच राहिला नाही. त्या मुलींचं म्हणणं कसं ऐकलं गेलं असतं, किती वेळा विचारलं गेलं असतं, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. महाराष्ट्राने फाशीची तरतूद असलेलं 'शक्ती' विधेयक २०२१मध्ये मंजूर केलं, त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटलीच नाही. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने तर २०१३मध्येच बलात्काराला फाशी नको असं सांगितलं होतं. आरोपी काका असेल आणि शिक्षा फाशी असेल, तर घरातली मोठी माणसं त्या मुलीला बोलू देतील? मुंबईतल्या शक्ती मिलच्या सामूहिक बलात्कार प्रकरणात फाशीची शिक्षा झाली, ती उच्च न्यायालयाने २०२१मध्ये जन्मठेपेवर आणली. त्या खटल्यातून शिकण्यासारखी गोष्ट फाशी नव्हतीच. गुन्हा ऑगस्ट २०१३चा, शिक्षा एप्रिल २०१४ची. याच मुंबईत, हीच यंत्रणा, आठ महिन्यांत. साक्ष देताना तिथल्या पीडितेची स्मृती तीन वर्षं शिळी झालेली नव्हती.

माझी मागणी फाशीपेक्षा फार रटाळ आहे. तिचं पहिलं सांगणं चित्रित करा, आवाजासकट, ती बोलते तसं.

नव्या संहितेत पोलिसांनी झडती घेतली, वस्तू जप्त केली, तर त्याचं चित्रीकरण सक्तीचं आहे. चादर जप्त करताना मोबाइल चालू ठेवावाच लागतो. आणि बलात्काराच्या पीडितेचा जबाब? तो चित्रित 'करता येईल'. चादरीला 'करावे', बाईला 'करता येईल'. हे मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून. मुद्रितशोधकाच्या हिशेबात ही एका क्रियापदाची दुरुस्ती आहे. आधार नाही असंही नाही. लहान मुलांच्या पॉक्सो कायद्यात २०१२पासून लिहिलं आहे की मूल जसं बोलेल तसाच जबाब नोंदवा. मानसिक वा शारीरिक अपंगत्व असलेल्या पीडितेचा मॅजिस्ट्रेटपुढचा जबाब २०१३पासून तिची सरतपासणीच धरला जातो, तिला मूळ हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही, थेट उलटतपास होतो. पॉक्सोत मुलांना प्रश्न थेट वकिलांनी नव्हे, न्यायाधीशांमार्फत विचारायचे असतात. 'साक्षी' संस्थेच्या याचिकेवर २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडचणीचे प्रश्न लेखी न्यायाधीशांकडे द्यावेत आणि पडदा लावावा असं सांगितलं होतं. मग अठरा वर्षं आणि एक दिवस वय झालेल्या मुलीला यातलं काय जास्त झालं?

चित्रीकरणाला माझ्याच मनात एक आक्षेप आहे आणि तो किरकोळ नाही. २०२१मध्ये गोव्यातल्या एका गाजलेल्या खटल्यात आरोपी सुटला. निकालपत्रात तक्रारदार तरुणीचं घटनेनंतरचं वागणं, तिचे फोटो यांवरून पीडिता अशी दिसत नाही, अशा अर्थाची निरीक्षणं होती. व्हिडिओ आला की हेच वाढेल. रडली नाही, हसली, केस नीट बांधले होते. आणि फीत फुटली तर? आपल्याकडे काय फुटत नाही? म्हणून ती मॅजिस्ट्रेटच्या ताब्यात, मोहोरबंद, दोन्ही वकिलांना कोर्टातच बघायची सोय, प्रत कुणालाच नाही. याने सगळे धोके टळतील असं नाही. पण शब्द तिचे राहतील. आरोपीचंही यात नुकसान नाही. ती खोटं बोलत असेल तर त्याच्या वकिलाला हाताशी टाइप केलेल्या अर्ध्या पानाऐवजी पूर्ण कथन मिळेल.

मुलीच्या साक्षीनंतर चौदा महिन्यांनी ती महिला अधिकारी कोर्टात आली. दोन बदल्या झाल्या होत्या, एका कानाला बंदोबस्ताचा फोन लागलेलाच. बचाव पक्षाने नियमाप्रमाणे विचारलं, फिर्यादीने कडीबद्दल तुम्हाला सांगितलं होतं का? त्या साक्षीचीही नक्कल आम्ही काढली. उत्तर नीट टाइप केलेलं आहे, शुद्धलेखनाची एकही चूक नाही: 'फिर्यादीने तसे सांगितले होते किंवा कसे, हे आता मला आठवत नाही.' त्यापुढे कुणी काही विचारलेलं नाही. खाली 'उलटतपास संपला', आणि पुढची तारीख.